व्हीएस कोडला पायथनचा पत्ता कसा द्यावा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची जागा, सांगते की पँडाज (पायथनमध्ये वापरायची एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच) व्यवस्थित इन्स्टॉल झाले आहे, आणि त्याच खिडकीत वर उघडलेला प्रोग्रॅम सांगतो की पँडाज नावाचे मॉड्यूल सापडतच नाही. पायथन शिकायला घेतलेल्या बहुतेकांना हा अनुभव लवकरच येतो आणि त्यांना वाटते की आपल्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकले. प्रत्यक्षात त्या दोघांचेही म्हणणे खरे असते. ते फक्त दोन वेगवेगळ्या पायथनविषयी बोलत असतात.

मी मूळची वाणिज्य शाखेची. २०२१ साली कर्वेनगरमध्ये खोली घेऊन राहत असताना पायथन शिकायला सुरुवात केली, तेव्हा या एका गोंधळात माझा जवळजवळ दीड महिना गेला. अडले की मी पायथन पुन्हा इन्स्टॉल करत असे. शेवटी एका मैत्रिणीने लॅपटॉप तपासला, तेव्हा त्यावर चार पायथन निघाले: एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधला, दोन अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेले आणि एक ॲनाकोंडा या तयार पायथन-संचाबरोबर आलेला. चारही उत्तम चालत होते. मी ज्यात प्रोग्रॅम लिहीत होते त्या व्हीएस कोड या एडिटरला मात्र त्यांपैकी कोणता वापरायचा हे कुणीच सांगितले नव्हते.

आता रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी नवीन मुलामुलींना ही जुळवाजुळव करून देते. लातूर, जळगाव, सोलापूरकडून शिकायला आलेल्या अनेकांकडे मोठ्या भावाचा किंवा जुना विकत घेतलेला लॅपटॉप असतो आणि त्यावर आधीच कुणीतरी पायथन टाकून ठेवलेला असतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते कोऱ्या लॅपटॉपपेक्षा अशा वापरलेल्या लॅपटॉपचा विचार करून लिहिले आहे. मुख्य विवेचन विंडोज १० आणि ११ साठी असून उबंटू व मॅकसाठीच्या वेगळ्या गोष्टी शेवटी दिल्या आहेत. या लेखात आज्ञा आणि मेन्यूंची नावे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

१. एडिटर आणि इंटरप्रिटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत

व्हीएस कोड हा लिहिण्याचा कागद आहे. तुम्ही लिहिलेला पायथनचा प्रोग्रॅम वाचून त्याप्रमाणे काम करणारा इंटरप्रिटर हा त्याच्याबाहेरचा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. व्हीएस कोड इन्स्टॉल केल्याने पायथन येत नाही. व्हीएस कोडमध्ये पायथनचे एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला जोडायची जादा सोय, टाकल्यानेही पायथन येत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त लोक फसतात, कारण एक्स्टेंशनचे नावही पायथन असेच आहे. एक्स्टेंशनचे काम दोघांची गाठ घालून देण्याचे. संगणकावर कोणकोणते पायथन आहेत ते शोधायचे आणि तुम्ही निवडलेल्या पायथनकडे तुमची फाइल सोपवायची, हे त्याचे मुख्य काम.

२. सुरुवातीला हाताशी काय असावे

- पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेली पायथन ३ ची आवृत्ती. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकात पायथन २ दिसला तरी तो घेऊ नये.
- व्हीएस कोड आणि त्यात मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेले पायथन एक्स्टेंशन. सारख्या नावाची बरीच एक्स्टेंशन्स दिसतात, म्हणून प्रकाशकाचे नाव वाचूनच इन्स्टॉलचे बटण दाबावे.
- कामासाठी एक वेगळा फोल्डर. त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत, एकाच शब्दात आणि जागा न सोडता ठेवावे. देवनागरी नावही बहुतेक वेळा चालते, पण एखादे जुने साधन तिथे अडखळले तर कारण शोधताना नवशिक्याची फार दमछाक होते.

स्वतःच्या लॉगिनपुरता पायथन इन्स्टॉल करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सहसा लागत नाही. भावाच्या किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्यांना ही सोय उपयोगी पडेल.

३. इन्स्टॉल करताना खालची चौकट विसरू नका

अधिकृत संकेतस्थळावरचा स्वतंत्र इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी, ‘ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ’ अशी चौकट दिसते. ती मुळात रिकामी असते. तिथे खूण करून मगच पुढे जावे. घाईत वरचे मोठे बटण दाबले जाते आणि ही चौकट तशीच राहते.

हा ‘पाथ’ म्हणजे काय, हे इथेच समजून घेतले तर पुढचे अर्धे प्रश्न पडणार नाहीत. समजा एका कुरिअरवाल्याकडे पाकीट आहे आणि त्यावर फक्त ‘जोशी, पुणे’ एवढेच लिहिले आहे. त्याला कार्यालयातून पेठांची एक यादी मिळाली आहे: आधी कसबा, मग शनिवार, मग नारायण, मग सदाशिव. तो त्याच क्रमाने फिरतो आणि जिथे पहिले जोशी भेटतील तिथे पाकीट देऊन मोकळा होतो. तुमचे जोशी सदाशिव पेठेतले असले तरी कसब्यात कुणी जोशी राहत असतील, तर पाकीट त्यांनाच मिळते. ज्यांची पेठ यादीतच नाही, त्यांना ते कधीच मिळत नाही. पाथ ही फोल्डरांची अशीच क्रमवार यादी आहे. तुम्ही टर्मिनलमध्ये नुसते ‘पायथन’ लिहिता, तेव्हा विंडोज ती यादी वरपासून वाचते आणि ज्या फोल्डरमध्ये त्या नावाची पहिली फाइल मिळेल ती चालवते. चौकटीत खूण केली नाही तर तुमच्या पायथनचा फोल्डर त्या यादीत येतच नाही. तो संगणकावर असतो, पण हाक मारली तर ओ देत नाही.

चौकट राहून गेली असेल तर पायथन काढून टाकण्याची गरज नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’ निवडावे, एकदा पुढे जावे आणि पाथविषयीच्या पर्यायावर खूण करावी.

४. संगणकाला पायथन दिसतो का, ते एडिटरच्या बाहेर तपासा

एडिटर उघडण्याआधी स्टार्ट मेन्यूत ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडा आणि ‘पायथन’, मग एक जागा, दोन उणे चिन्हे व त्यांना जोडून ‘व्हर्जन’ असे टंका. उत्तरात आवृत्तीचा आकडा आला की निम्मे काम झाले. त्यानंतर ‘व्हेअर पायथन’ असे विचारा. पाथच्या यादीत जितके पायथन सापडतील तितके पत्ते, त्याच क्रमाने, एकाखाली एक उमटतात. सर्वांत वरचा तो तुमचा ‘कसब्यातला जोशी’.

या उत्तरात एक पत्ता बारकाईने पाहावा. ओळीच्या शेवटी ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोजॲप्स’ आणि मग ‘पायथन डॉट ईएक्सई’ असे असेल, तर तो बहुधा खरा पायथन नसून विंडोजने ठेवलेली पाटी असते. पायथन नसलेल्या संगणकावर कुणी ‘पायथन’ लिहिले तर त्याला मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे पाठवणे एवढेच तिचे काम. ‘पायथन’ लिहिल्यावर अचानक स्टोअर उघडत असेल, किंवा पायथन सापडला नाही असे सांगून स्टोअरचा उल्लेख येत असेल, तर ही पाटीच मध्ये आली आहे असे समजावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्यूशन एलियासेस या वाटेने जाऊन ‘पायथन डॉट ईएक्सई’ आणि ‘पायथन३ डॉट ईएक्सई’ यांपुढची बटणे बंद करावीत. ज्यांनी स्टोअरमधूनच पायथन घेतला आहे, त्यांनी मात्र ती चालूच ठेवावीत.

आणखी एक सापळा असा की व्हीएस कोडच्या आतले टर्मिनल विंडोजवर सहसा पॉवरशेल (विंडोजचीच आज्ञा देण्याची दुसरी सोय) असते, आणि तिथे ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे ‘व्हेअर पायथन’ विचारले तर काहीच उमटत नाही आणि पायथन नाहीसा झाला असे वाटून माणूस घाबरतो. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर डॉट ईएक्सई पायथन’ असे पूर्ण लिहावे. विंडोजकडे नोंद असलेले पायथन एकदम पाहायचे असतील तर ‘पीवाय’, मग जागा, उणे चिन्ह, शून्य आणि त्याला जोडून पी ही आज्ञा द्यावी. ती पाथच्या यादीवर अवलंबून नसते, त्यामुळे चौकटीची खूण राहून गेलेले पायथनही तिच्यात सापडतात. माझे त्या चारांपैकी तीन तिनेच दाखवले होते.

५. आता एडिटरला पत्ता द्या

व्हीएस कोडमध्ये आधी ‘फाइल’ मेन्यूतून ‘ओपन फोल्डर’ निवडून तुमचा कामाचा फोल्डर उघडा. सुटी फाइल उघडू नका. इंटरप्रिटरची निवड एडिटर फोल्डरनुसार लक्षात ठेवतो, त्यामुळे आज डेस्कटॉपवरची आणि उद्या डाउनलोड्समधली सुटी फाइल उघडत राहिलात तर तुमची निवड हरवल्यासारखी वाटेल. पहिल्यांदा फोल्डर उघडताना या फायलींच्या लेखकावर विश्वास आहे का, असा प्रश्न येतो. फोल्डर स्वतःचाच असेल तर होकार द्यावा. नकार दिल्यास एडिटर मर्यादित स्थितीत उघडतो, पायथन एक्स्टेंशनच्या बऱ्याच सोयी बंद राहतात आणि त्याचे कारण पुढे कुणाच्या लक्षात येत नाही.

फोल्डरमध्ये एक फाइल करून तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘पीवाय’ लिहा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबा. वरच्या पट्टीत ‘पायथन सिलेक्ट इंटरप्रिटर’ असे टंकत गेलात की तो पर्याय दिसेल. तो निवडला की एडिटरला सापडलेले सगळे पायथन आवृत्ती आणि पत्त्यासह समोर येतात. चौथ्या टप्प्यात पाहिलेल्या पत्त्याशी जुळणारा निवडावा. नुसता आकडा पाहून निवडू नये, कारण एकाच आवृत्तीचे दोन पायथन दोन फोल्डरांत असू शकतात.

हवा तो यादीत नसेल तर ‘एंटर इंटरप्रिटर पाथ’ हा पर्याय घेऊन पत्ता हाताने द्यावा. स्वतःपुरत्या इन्स्टॉल केलेल्या पायथनचा पत्ता सहसा असा असतो: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या लॉगिनचे नाव, ॲपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, पायथन, आणि शेवटी आवृत्तीच्या आकड्याचा फोल्डर. यातला ॲपडेटा हा फोल्डर विंडोज लपवून ठेवते, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’खाली लपलेल्या गोष्टी दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय तो दिसत नाही. निवड झाली की एडिटरच्या तळाच्या पट्टीत उजवीकडे आवृत्तीचा आकडा दिसू लागतो. पायथनची फाइल उघडी असतानाच तो दिसतो, आणि त्यावर क्लिक केले की तीच यादी पुन्हा उघडते.

६. प्रत्येक कामाला स्वतःचा पायथन द्या

इथपर्यंत आलात की प्रोग्रॅम चालतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मी मात्र पहिल्याच दिवशी पुढची पायरी करून घेते. सगळ्या लायब्रऱ्या एकाच पायथनमध्ये टाकत गेल्यास दोन प्रकल्पांना एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागतात तेव्हा अडचण होते. त्यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, ज्याला सगळे ‘व्हेन्व’ म्हणतात. ही सोय पायथन ३.३ पासून पायथनच्याच पोटात आहे, वेगळे काही उतरवावे लागत नाही.

फोल्डर उघडा असताना व्हीएस कोडमध्ये नवे टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या: ‘पायथन’, जागा, उणे चिन्ह व त्याला जोडून एम, जागा, ‘व्हेन्व’, जागा, टिंब व त्याला जोडून पुन्हा ‘व्हेन्व’. व्हेन्वची अक्षरे व्ही, ई, एन, व्ही अशी आहेत. काही वेळात फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा उपफोल्डर तयार होतो आणि एडिटर विचारतो की हा या कामासाठी निवडायचा का. होय म्हणावे. प्रश्न आलाच नाही तर पाचव्या टप्प्याप्रमाणे स्वतः निवडावा. त्यानंतर जुने टर्मिनल बंद करून नवे उघडावे, कारण आधीपासून उघडे असलेले टर्मिनल जुन्याच पायथनला धरून राहते. नव्या टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘व्हेन्व’ दिसले की सारे जागेवर आहे.

पॉवरशेलमध्ये इथे लाल अक्षरांत ‘या संगणकावर स्क्रिप्ट चालवणे बंद आहे’ अशा अर्थाची चूक येण्याची शक्यता असते. पायथनमध्ये काही बिघडलेले नसते, ती विंडोजची सुरक्षेची अट आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे टर्मिनलच्या अधिक चिन्हाशेजारचा बाण दाबून ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडणे आणि तिथे काम करणे. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर सुरक्षेचे नियम बदलण्यापेक्षा हेच बरे.

पिप हे पायथनच्या लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारे साधन आहे. लायब्ररी इन्स्टॉल करताना नुसते ‘पिप इन्स्टॉल’ लिहू नये. ‘पायथन’, जागा, उणे चिन्ह व एम, जागा, ‘पिप इन्स्टॉल पँडाज’ असे लिहावे. नुसता ‘पिप’ कोणत्या पायथनचा आहे ते पाथची यादी ठरवते. लांब आज्ञेत मात्र तुम्ही हाक मारलेला पायथनच स्वतःच्या पिपला कामाला लावतो, आणि लायब्ररी नेमकी त्याच्याच घरात जाते. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला पँडाजचा घोळ बहुतेक वेळा या एका सवयीने मिटतो.

पेन ड्राइव्हवरून काम नेणाऱ्यांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे: व्हेन्वचा फोल्डर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेऊन चालत नाही. त्याच्या आत मूळ पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि तो पत्ता दुसऱ्या संगणकावर अस्तित्वात नसतो. गेल्या वर्षी एका मुलाने कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संपूर्ण प्रकल्प पेन ड्राइव्हवर घरी आणला आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री तो चालेना म्हणून रडकुंडीला आला. आम्ही फक्त तो उपफोल्डर पुसला, त्याच्या लॅपटॉपवर नवा व्हेन्व केला आणि लायब्रऱ्या पुन्हा टाकल्या. लायब्रऱ्यांची यादी आधीच एका फाइलमध्ये असती तर तेवढाही वेळ लागला नसता. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा ती यादी दाखवते. तिचे उत्तर मजकुराच्या फाइलमध्ये साठवून सोबत न्यावे.

७. प्रोग्रॅमलाच त्याचा पत्ता विचारा

तळाच्या पट्टीवर विसंबून राहू नका. फाइलमध्ये दोन ओळी लिहा: पहिलीत ‘इम्पोर्ट सिस’, दुसरीत ‘प्रिंट’ आणि कंसात ‘सिस डॉट एक्झिक्यूटेबल’. सिसची अक्षरे एस, वाय, एस. उजवीकडे वरच्या त्रिकोणी बटणाने फाइल चालवा. जो पत्ता छापून येईल, तोच पायथन प्रत्यक्ष काम करतो आहे. त्याच्याही आधी टर्मिनलमध्ये एक लांबलचक ओळ उमटते. ती वाचण्याची सवय लावून घ्या. तिच्या सुरुवातीला इंटरप्रिटरचा पत्ता असतो आणि शेवटी तुमच्या फाइलचा.

८. तरीही अडले तर

कोड रनर नावाचे वेगळे एक्स्टेंशन अनेक व्हिडिओंमध्ये सुचवलेले असते. ते स्वतःच्या ठरावीक आज्ञेने फाइल चालवते, त्यामुळे तुम्ही निवडलेला इंटरप्रिटर बाजूला राहू शकतो. शिवाय मूळ मांडणीत ते उत्तर ‘आउटपुट’ या खिडकीत दाखवते, जिथे ‘इनपुट’साठी काही टंकताच येत नाही. नवशिक्यांनी ते काढून टाकावे असे माझे स्पष्ट मत आहे.

फाइल चालवली आणि तिच्याऐवजी त्या लांब ओळीवरच ‘सिंटॅक्स एरर’ आला, तर टर्मिनलमध्ये तीन टोकदार कंसांची खूण आहे का ते पाहा. असेल तर तिथे पायथन आधीच सुरू आहे आणि एडिटरची आज्ञा त्याला पायथनचे वाक्य वाटते. ‘एक्झिट’ आणि रिकामे गोल कंस टंकून बाहेर पडा आणि फाइल पुन्हा चालवा.

पाथमध्ये बदल केल्यावर व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडावा लागतो, कारण ही यादी प्रोग्रॅम सुरू होतानाच वाचली जाते. फाइलला ‘रँडम’ किंवा ‘पँडाज’ असे लायब्ररीचेच नाव देऊ नये, अन्यथा पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो. सेटिंग्जच्या फाइलमध्ये पत्ता हाताने लिहायचा असेल तर प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा लिहावी. तिथली ‘डिफॉल्ट इंटरप्रिटर पाथ’ ही नोंद त्या फोल्डरसाठी अजून काही निवडलेले नसेल तेव्हाच उपयोगी पडते. आधीची निवड पुसायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून ‘क्लिअर वर्कस्पेस इंटरप्रिटर सेटिंग’ शोधावे.

९. उबंटू आणि मॅक

उबंटूवर पायथन आधीपासून असतो, पण त्याला ‘पायथन३’ अशी हाक मारावी लागते. व्हेन्व करताना चूक आली तर ‘पायथन३-व्हेन्व’ हे पॅकेज एपीटीने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज टाकण्याच्या आज्ञेने, टाकावे. नव्या उबंटूवर व्यवस्थेच्या पायथनमध्ये थेट पिप वापरू दिला जात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तो पायथन उबंटूला स्वतःच्या कामासाठी लागतो. तिथेही व्हेन्व करावा. मॅकवर ॲपलने पायथन २.७ हा मॅकओएस १२.३ पासून काढून टाकला आहे, म्हणून तिथेही ‘पायथन३’ असेच लिहावे. उबंटू आणि मॅक दोन्हींवर पत्ता विचारण्यासाठी ‘व्हेअर’ऐवजी ‘व्हिच’ ही आज्ञा आहे.

१०. कुणाची मदत मागताना

‘पायथन चालत नाही’ एवढाच निरोप आणि मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो पाठवला तर समोरच्याला अंदाजच बांधावे लागतात. त्याऐवजी तीन गोष्टी मजकूर म्हणून पाठवा: ‘व्हेअर पायथन’चे पूर्ण उत्तर, ‘सिस डॉट एक्झिक्यूटेबल’ने छापलेला पत्ता, आणि आलेल्या चुकीची शेवटची ओळ. माझ्याकडे असा निरोप आला की मी आधी पहिल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहते, आणि त्यांत दोन वेगळे फोल्डर दिसले की लॅपटॉप न मागवताच उत्तर लिहून पाठवते.